सातातले उरलेले तीन

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते पुठ्ठा कापायचं. त्यात विशेष काही नव्हतं. चहा झाला, तिनं जेवायचं स्टीलचं ताट पुठ्ठ्यावर पालथं घालून पेन्सिल फिरवली आणि मी कटरनं गोल कापला. त्या गोलाचे सात सारखे तुकडे करायचे होते. सातवीच्या पोरांना अपूर्णांक शिकवायला. अर्ध्याचा, पावाचा, आठचा गोल आधीच झाले होते. ते सोपे, घडी घालत गेलं की होतात. सात घडीत सापडत नाही.

सातासाठी तिची एक रीत होती. गोलाच्या कडेनं दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, टोक टोकाला भेटलं की तोडायचा. मग तो दोरा फरशीवर पुढं-मागं, पुढं-मागं करत सात पदरांत बसवायचा. पदर सारखे होईपर्यंत ओढाओढ. वळणावळणावर शाईचा ठिपका द्यायचा आणि दोरा परत गोलाला गुंडाळायचा. ठिपका येईल तिथून गोलाच्या मध्यापर्यंत रेघ. हे एका माणसाचं काम नव्हे. दोऱ्याचं टोक कडेवर कुणीतरी बोटानं दाबून धरावं लागतं, नाहीतर वेढा सुटतो. बोट तिचं, गुंडाळायचं मी.

"एवढं करण्यापरीस मोजपट्टी लावून भागाकार कर की," मी एकदा म्हणालो होतो.

"मला येतोच भागाकार. पोरांच्या हाताला यायला पाहिजे."

ती एक रेघ मारायची, मी एक तुकडा कापायचा. मग दुसरी रेघ. सगळ्या रेघा आधी मारून दिल्या तर मी घाई करतो नि कटर तिरका नेतो, हे तिला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी चार तुकडे झाले. माझा अंगठा भरून आला.

"राहू द्या," ती म्हणाली. "उरलेले उद्या."

पुठ्ठा वाकू नये म्हणून तिनं वर जुनी इस्त्री ठेवली.

सकाळी आंघोळीचं पाणी काढताना ती मोरीत खाली बसली, ती उठलीच नाही. दुपारी दवाखान्यात संपलं. डॉक्टर काहीतरी समजावून सांगत होते. कारखान्यात माझे कान गेलेत, मला अर्धंच ऐकू आलं. उरलेलं अर्धं मी विचारलं नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. जन्म टॉवेलच्या मागावर गेला. ती शाळेत बाई. लग्नात दहावी झालेली होती, डी.एड. नंतर केलं, मी दोन-दोन पाळ्या करत होतो तेव्हा. कुणी विचारलं तर मी म्हणायचो, शिकली ती, घाम माझा. ती म्हणायची, "घाम तुमचा, परीक्षा माझी. करायची का अदलाबदल?" शाळेत तिला मोठ्या बाई म्हणायचे, म्हणून मीही घरात तिला बाईच म्हणायचो. रिटायर झाली तरी शाळेचं साहित्य करणं काही सुटलं नाही. कारखान्यातनं मी सूत गुंडाळायचे पुठ्ठ्याचे कोन, खोकी, टॉवेलच्या काठाच्या पट्ट्या आणायचो. त्याचं ती गणित करायची.

दिवसकार्य उरकलं, माणसं आपापल्या गावी गेली, पोरगी पुण्याला गेली. मग मी घर नीट बघितलं. दोन खोल्या. पुढच्या खोलीत भिंतीला लागून पुठ्ठ्याचे घन, शंकू, कोन मोजायची लाकडी यंत्रं, काड्यांच्या जुड्या, बाटल्यांच्या झाकणांची पोती. मागच्या दाराला तर तीन पोती आणि फळ्यांचा ढीग टेकलेला, ते दार उघडतच नाही. मधे पाण्याची पिंपं. ती होती तेव्हा या सगळ्यातनं वाट होती. ती बरोब्बर कशी जायची कुणास ठाऊक. माझा गुडघा रोज कशाला तरी लागतो. वारा येत नाही. फॅन लावला की पुठ्ठ्याचाच वास फिरतो.

आणि खाली फरशीवर तिनं ऑइलपेंटनं रेघ मारून ठेवलीय, आकड्यांची. मधे शून्य, दाराकडं एक-दोन-तीन, माझ्या खाटेकडं वजा एक, वजा दोन. शाळेच्या व्हरांड्यात काढायच्या आधी घरात काढून बघितली होती. चालवून बघायला मी होतोच.

"वजा आलं. तोंड फिरवा."

"आता ह्या वयात तोंड कुटं फिरवू?"

"माझ्याकडं फिरवू नका, भिंतीकडं फिरवा. आता तीन पावलं."

तेव्हा हसायला यायचं. आता खाटेवरनं पाय खाली सोडला की वजा नऊवर पडतो. संडासला निघालो तरी आकड्यावरनंच जायचं. एकदा घासणी घेऊन बसलो. रंग निघाला नाही. चांगला रंग आणला होता मीच.

पोरगी फोनवर म्हणते, "बाबा, ते सगळं शाळेला देऊन टाका नि इकडं या."

"तिकडं येऊन काय करू? लिफ्टमधी उभा राहू?"

"तिथं तरी काय करता?"

सामान गेलं तर घर रिकामं होईल, मग त्या घरात मी कशाला पाहिजे? आणि सामान राहिलं तर मला बसायला जागा नाही. कुठल्याच बाजूनं दार नव्हतं.

इस्त्रीखालचा तो गोल मी बरेच दिवस हलवला नाही. मग एका दुपारी म्हटलं, उद्या म्हणाली होती, आपण तरी करू. दोरा शोधला. तिचा ठिपक्यांचा दोरा आल्या-गेल्या बायकांनी घर झाडलं तेव्हा केरात गेला होता. चार तुकडे बाजूला काढले, आणि राहिलेला पुठ्ठा हातात घेतला. त्यावर एकही रेघ नव्हती. जन्मभर टॉवेलच्या घड्या घातलेला हात. मधोमध दुमडला, परत मधोमध दुमडला आणि घडीवरनं कापला. सगळे तुकडे पिशवीत घातले. मोजले नाहीत. काम पुरं केल्यासारखं वाटलं नि त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

शाळेतनं सातवीची नवी बाई दोनदा येऊन गेली होती. मी दार उघडलं नव्हतं. बहिऱ्या माणसाचं बरं असतं, कुणाला राग येत नाही. तिसऱ्या खेपेला ती खिडकीशी येऊन उभी राहिली. उघडावं लागलं. अक्कलकोटकडची पोरगी, बोलण्यात हेल कानडी.

"काका, उद्यापासनं अपूर्णांक सुरू करायचेत. फळ्यावर गोल काढून दाखवते, पण पोरांच्या हातात काही नाही. मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, सातचा गोल करून देते."

मी पिशवी दिली. ती फरशीवर बसली, ताट मागितलं आणि ताटात एकेक तुकडा मांडायला लागली. मांडून झाल्यावर तिनं बोटानं परत मोजले.

"काय झालं?"

"हे आठ झालेत, काका."

मी वाकून मोजले. आठच होते. चार रुंद, चार बारीक. माझ्या बारीक तुकड्यांच्या कडा घडीला फाटल्यासारख्या दिसत होत्या.

"तीन करायचे होते उरलेल्याचे," ती म्हणाली. "कापलेला एक तुकडा वर ठेवून आखलं असतं तरी चाललं असतं."

तेवढंही मला सुचलं नव्हतं.

"असू द्या, मी नेते हे. चुकीच्या पिशवीत घालते."

चुकीची पिशवी मला माहीत होती. बाई बिघडलेलं साहित्य टाकत नसे. वाकडा कोन, फट राहिलेला घन, सगळं एका पिशवीत. वर्गात पोरांपुढं ओतायची नि म्हणायची, यात काय चुकलंय सांगा. पोरांना ते फार आवडायचं. माझ्या हातच्या चुकांनीच ती पिशवी भरली होती, आणि मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

"ह्यो न्हेऊ नगं," मी म्हणालो.

"का? मोठ्या बाईंचीच पद्धत आहे की."

"चार तुकडे तिच्या रेघंवरचे हायत. बरोबर हायत. ते चुकीच्या पिशवीत जाणार न्हाईत."

"मग ते चार ठेवा तुम्ही. चुकलेले चार मला द्या."

"माझे एकटे घेऊन काय करशील? कशात चुकले त्ये तरी कळंल का पोरांना?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मी जास्त मोठ्यानं बोललो होतो बहुतेक, मला कळत नाही. शेजारची तेलुगू वहिनी दारात डोकावून गेली.

"बाकीचं तरी न्यायला माणूस पाठवू का? घन, कोनमापकं?"

मी तुकडे परत पिशवीत भरायला लागलो. तिनं ताट पुसून जागेवर ठेवलं, चपला घातल्या. जाताना म्हणाली, "सात नसला तरी मी चालवीन, काका. आठवर शिकवीन. सोपं असतं."

सोपं असतं हे मला ठाऊक होतंच. सातवीला सात द्यायचा हे बाईचं ठरलेलं होतं. आठवर शिकलेलं पोर सगळीकडं घड्याच घालत बसतं, असं तिचं म्हणणं. आणि ते पोर म्हणजे मीच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी नवा पुठ्ठा काढला. ताट पालथं घातलं, पेन्सिल फिरवली, गोल कापला. तो चांगला आला. दोऱ्याचं रीळ घेतलं. टोक कडेवर ठेवलं नि एका हातानं गुंडाळायला लागलो. वेढा पुरा व्हायच्या आधीच टोक सुटलं. टोकावर गुडघा ठेवला तर पुठ्ठा वाकला. चिकटपट्टी लावली, ती दोऱ्यासकट उचकटून आली. इस्त्री ठेवली तर गोल फिरवताच येईना. बसल्या बसल्या ऊन उंबऱ्यातनं आत आलं नि आकड्यांवर पडलं. शाळा भरायची वेळ झाली होती.

गोल, रीळ, शाईची बाटली नि कटर पिशवीत घातला. तिचे चार तुकडे इस्त्रीखाली ठेवले. दाराला कुलूप लावलं. ती गेल्यापासनं त्या कुलपाला हात लावायची वेळच आली नव्हती, किल्ली शोधायलाच वेळ गेला.

वर्ग चालू होता. मी दारात उभा राहिलो तशी पोरं उठून उभी राहिली, कुणीतरी तपासायला आलं असं वाटलं असेल. नव्या बाईनं फळ्यावर आठचा गोल काढायला घेतला होता, तीन रेघा मारून झाल्या होत्या.

"या काका. साहित्य आणलं?"

"न्हाय. अजून व्हायचंय." मी तिच्या टेबलावरची हजेरी बाजूला सारली, गोल ठेवला आणि दोऱ्याचं टोक कडेला लावलं. "मला हात पुरत न्हाईत. ये हिकडं. हितं बोट ठेव."

तिनं खडू खाली ठेवला, बोट फ्रॉकला पुसावं तसं ओढणीला पुसलं आणि दाबून धरलं.

"हलवू नगं," मी म्हणालो, आणि गुंडाळायला लागलो.