खिडकीतली कपबशी

डॉक्टरांच्या नावावर मी एक खोटे बोललो आणि ते कित्येक वर्षे कोणाला कळू दिले नाही. माझ्या थोरल्या भावाच्या यकृताला जुनी लागण झाली होती. कावीळ उतरे आणि पुन्हा चढे. शेलूबाजारजवळच्या आमच्या खेड्यातून मी त्याला वाशीमला, मी शिक्षक होतो तिथे, माझ्या घरी आणले. हा आजार रक्तातून, सुईतून जातो, एकत्र चहा-जेवणाला हरकत नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. पण घरात तान्ही मुलगी होती. मी दादाची कपबशी खिडकीत वेगळी ठेवली आणि म्हणालो, "डॉक्टरांनीच सांगितलंय."

गावच्या हॉटेलात आमच्या लोकांचे कप बाहेरच्या फळीवर वेगळे असत. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून दादाने त्या फळीला हात लावला नव्हता. तिथला चहाच सोडला होता. माझ्या घरी मात्र तो त्या कपातून मुकाट्याने प्याला, कप स्वतः विसळून ठेवला आणि दोन-तीन दिवसांत गावी निघून गेला. पुढे औषधासाठी वाशीमला येई, पण घरी न येता संध्याकाळच्या एस.टी.ने परत जाई.

काही वर्षांनी त्याला दवाखान्यात भरती करावे लागले. वॉर्डातल्या एक सिस्टर दुपारी त्याचे अंग पुसून झाल्यावर स्टूल ओढून त्याच्यापाशी बसत. उपदेश करीत नसत. थोडे विचारीत, बराच वेळ ऐकत.

"हळद तं लागली, सिस्टर. आता नवरी तेवढी पाहा," तो म्हणे.

"आधी जेवा नीट. अशा काडीला कोण मुलगी देईल?"

मी दाराशी उभा राहून ऐकत असे. लहानपणी मला खांद्यावर घेऊन शाळेत नेताना तो असाच बोलत असे. आज दादा नाही, आणि त्या आवाजासाठी जीव अजून आसुसतो.

घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी सिस्टर मला म्हणाल्या, "त्यांनी एवढ्यात एकटं राहू नये. तुमचं घर जवळ आहे, तरी नको म्हणतात. कारण विचारलं, तर म्हणाले, लहान भावाची गोष्ट आहे, सांगणार नाही. तुम्हीच बसा त्यांच्याजवळ."

मी स्टुलावर बसलो.

"कायले बसून राह्यला? शाळा नाही काय आज तुले?" दादाने विचारले.

"दादा, तुहा कप वेगळा ठेवायले डॉक्टरनं सांगतलं नव्हतं. मलेच भेव वाटलं, अन् नाव त्यायचं घेतलं. मी चुकलो. माफ कर मले."