सात आणि आठ नंबरचे बोल्ट

मुलीच्या ट्रकला सुपरचार्जर आधीच होता, इंजिनात जास्तीची हवा कोंबणारं यंत्र. तिला त्याचा जोर वाढवायचा होता. मूळचे पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड तो सोसणार नाहीत, म्हणून भक्कम घालायचं ठरलं. अर्विंगच्या आमच्या गराजमध्ये इंजिन स्टँडवर उलटं बसवलेलं होतं. पाना तिच्या हातात, यादी माझ्या. आमच्या घरात याद्या मीच ठेवते.

आठ सिलिंडर, प्रत्येकाच्या रॉडला दोन बोल्ट. प्रत्येक बोल्ट दोनदा आवळायचा, आधी हलका, मग टॉर्क रेंचने पूर्ण. बोल्ट किती जोराने आवळला त्याचा आकडा रेंचवर येतो. ती तो मोठ्याने सांगायची, मी खूण करून शेजारी आकडा लिहायची.

त्या दिवशी खंडेनवमी होती. नवरा हॉलमध्ये हत्यारांची पूजा मांडत होता. पूजेला ठेवलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, ही त्याच्या घरची रीत. पूर्ण आवळणं सहा सिलिंडरपर्यंत झालं होतं. तिने सातव्यावर रेंच टेकवला तशी मी उरलेल्या चारही खुणा करून टाकल्या. दोन मिनिटांचं काम होतं आणि माझा नैवेद्य व्हायचा होता. मी आत गेले. मागोमाग नवरा गराजमध्ये जाऊन तिच्या हातून रेंच घेऊन आला. मला वाटलं, झालं असेल.

दसऱ्याला पाहुणे होते, मग तिचं ऑफिस. आठवड्याने पुन्हा कामाला लागलो तेव्हा तिने विचारलं, आपण सातवर थांबलो होतो ना? मी पान काढून खुणा मोजल्या. आकडे पाहिले नाहीत.

"सोळाच्या सोळा झालेत," मी म्हटलं.

"शुअर?"

"लिहिलंय की."

ती हसली. बाबा चुकतील, तुझी लिस्ट नाही, असं काहीतरी म्हणाली आणि तिने खालचं ऑइल पॅन बसवलं.

इंजिन ट्रकमध्ये गेलं, सुरू झालं. पहिले काही दिवस ती हळूच चालवत होती. एका शनिवारी सकाळी, आज हायवेवर जरा दाबून बघते, म्हणून निघाली. मी कागद फाइलला लावायला बसले. बारा खुणांशेजारी आकडे होते. शेवटच्या चार खुणांशेजारी कागद कोरा होता.

फोन लावला. तिने ट्रकच्या स्पीकरवर घेतला, त्यामुळे मलाही ऐकू आलं. इंजिनाच्या घरघरीमागे ठक, ठक, एका लयीत.

"आई, हा आवाज मघापासून येतोय. सुपरचार्जरचा बेल्ट असेल का?"

"बाजूला घे. बंद कर."

"एक्झिट एका मैलावर आहे."

"एक्झिट नको. आत्ता. सात आणि आठ पूर्ण आवळलेले नाहीत. मी आधीच खुणा केल्या होत्या."

ठकठक भरभर झाली, मग संथ, मग थांबली. शेजारून मोठे ट्रक सुसाट जात होते, तेवढंच ऐकू येत राहिलं.

टो करून आणलेल्या ट्रकचं तेल संध्याकाळी काढलं. त्यात धातूचा बारीक चकाकता कीस होता. पॅन उतरवल्यावर तिने आठव्याच्या बोल्टला नुसतं बोट लावलं, तो फिरला. सातव्याचा पान्याने सहज फिरला. क्रँकवर, रॉड ज्याला फिरवतात त्या दांड्यावर, आठवा रॉड बसतो तिथे नख अडेल एवढा ओरखडा होता.

"आणखी एक मैल, तर रॉड इंजिन फोडून बाहेर आला असता," नवरा म्हणाला.

तिने माझ्या हातातून क्लिपबोर्ड घेतला, नवं पान लावलं आणि पहिल्या सिलिंडरपासून सगळे बोल्ट परत सैल करायला घेतले. मी टॉर्च धरून उभी राहिले. काढलेल्या प्रत्येक बोल्टचा नंबर ती स्वतःच लिहीत होती.