आमच्या टीमचे जावई

सायकलच्या दुकानात पंक्चरं कमी आणि फुटबॉलची रडगाणी जास्त येतात. मॅट्रिकच्या वर्षी शाळा सोडून मी असोद्यात या दुकानात बसलो, तेव्हापासून हेच चाललंय. लढाईमुळे नवा ब्लॅडर मिळत नाही, म्हणून गावच्या क्लबचा बॉल ठिगळं लावायला माझ्याकडे येतो आणि बॉलमागून माणसं येतात. मी पंपानं बॉलमध्ये हवा भरेपर्यंत प्रत्येक जण आपल्या पोटातली सोडून मोकळा होतो. किस्से असे साठत जातात. आता तर बॉल न फुटतासुद्धा लोक येतात.

तक्रार मात्र सगळ्यांची एकच. या टीममध्ये माणसं घेतं कोण?

घेतात दोघे. अध्यक्ष नाना, म्हणजे माझे वडील. आणि सेक्रेटरी आबा. आबांनी आयुष्यात बॉलला पाय लावलेला नाही, पण निम्म्या तालुक्याची लग्नं लावली आहेत. या दोघांबद्दल मला अतिशय आदर आहे, असं इथं लिहायला हवं. असो.

*

धुळ्याला देवपूरच्या मैदानावर दरसाल शिल्डच्या मॅचेस होतात. तिथला नियम असा की टीममधला प्रत्येक गडी त्याच गावचा हवा. आमच्याकडे धड खेळणारे सातच. उरलेले चार आणायचे कुठून?

आबा देवपूरच्या पंचांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "गावाचा जावई गावाचा नाही, तर कोणाचा?"

पंच पाच होते. पाचही जण कुठल्या ना कुठल्या गावाचे जावई! एकानंही मान डोलवायला वेळ लावला नाही.

त्या दिवसापासून आमच्या क्लबनं खेळाडू शोधणं बंद केलं आणि सोयरिकी जुळवायला घेतल्या. दुसऱ्या टीमचा कोणी चांगला खेळताना दिसला की नाना पहिला प्रश्न विचारायचे, "लग्न झालंय का?"

गोल किती केले, ते नंतर.

*

पहिला जावई रावेरचा पुंडलिक. खेळायचा बॅक, अंगानं दाराएवढा. आबांची पुतणी त्याला दिली.

पहिल्याच मॅचला समोरचा फॉरवर्ड त्याच्या बाजूनं सुसाट निघून गेला आणि पुंडलिक कमरेवर हात ठेवून बघत राहिला. मी लाइनवरून ओरडलो, "ए रेड्या, पळ की!"

आबांनी माझ्या डोक्यात छत्री घातली. "जावई आहे तो गावाचा! तोंड सांभाळ."

"मग त्याला सांगायचं कसं?"

आबा स्वतः लाइनपाशी गेले. टोपी नीट केली. "जावईबापू, तो पुढे गेलाय. आपल्याला सवड असली तर..."

"जाऊ द्या हो," पुंडलिक म्हणाला. "जाऊन जाऊन जाईल कुठे? येईल परत!"

त्याला टीमबाहेर काढायची सोयच नाही. आज काढलं, तर उद्या त्याची बायको पेटी घेऊन माहेरी!

*

मग आले दोन सेंटर फॉरवर्ड. दोन कशाला? तर आबांच्या मते सेंटर फॉरवर्ड म्हटलं की मुलीची आई लगेच हो म्हणते. गोलीला मुलगी द्यायला कोणी तयार नसतं. "गोल खाणाऱ्याला मुलगी?" असं एका बाईंनी आबांना तोंडावर विचारलं होतं.

हे दोघे सख्ख्या बहिणींचे नवरे, म्हणजे साडू. थोरल्याला लग्नात मनगटी घड्याळ मिळालं आणि धाकट्याला मिळालं टेबलावरचं. झालं! तेव्हापासून धाकटा थोरल्याला बॉल देईना.

कॅप्टननं हात जोडले. "अहो, साडूभाऊ मोकळे आहेत. द्या की त्यांना पास!"

"त्यांना म्हणावं, मनगटात घड्याळ आहे ना? बघत बसा. वेळ झाली की देतो!"

*

डाव्या बाजूला कोणीच नव्हतं. भुसावळला एक गडी डाव्या पायानं झकास मारतो, असं कळलं. नाना आणि आबा सकाळच्या गाडीनं गेले आणि संध्याकाळी खुशीत परत आले.

"घर पाहिलं, विहीर पाहिली," आबा सांगू लागले. "आई बोलायला गोड आहे. पोराचे दात सरळ आहेत."

"आणि डावा पाय?" मी विचारलं.

"पायात काय पाहायचं? दोन होते!"

लग्न झालं. जावईबापू प्रॅक्टिसला आले, बॉलला लाथ मारायला धावले आणि बॉल तिथंच ठेवून पलीकडे पडले. डाव्या पायानं मारणारा होता त्यांचा धाकटा भाऊ, आणि त्याला दोन पोरं होती!

आता जावई काही परत करता येत नाही. हे भुसावळचे जावई डावीकडे लाइनला लागून उभे राहतात, शेजारी पाण्याचा माठ ठेवतात, ओल्या फडक्यानं तो गार राखतात आणि दमलेल्या प्रत्येकाला, समोरच्या टीमलासुद्धा, पाणी देतात. खरं सांगू? चौघांत मला आवडतो तो हाच एक. त्याची बायकोही सुखात आहे.

*

मधल्या वर्षी धोंड्याचा महिना आला. चारही जावयांना सासुरवाडीत रोज अनारसे, रोज तूप. जळगावच्या मॅचच्या दिवशी सकाळीसुद्धा पंगत झाली. दुपारी चौघे मैदानावर उतरले ते फक्त उभे राहण्यापुरते. पुंडलिक तर हाफटाइमनंतर खालीच बसला.

आमच्यावर सात गोल झाले.

नाना मैदानात आले. चार जावयांवरून त्यांची नजर फिरली, पण थांबली ती दगडूवर. दगडू आमचा गोली. असोद्याचाच, केळीच्या मळ्यातून सरळ मैदानावर येणारा, सहा वर्षांत एकही मॅच न चुकवलेला. "दगड्या, डोळे फुटले का रे तुझे? सात गोल?"

दगडू तळहातावरची माती झटकत म्हणाला, "नाना, सातच गेले. आले होते सतरा!"

त्याला काहीही बोललेलं चालायचं. चौघांवरचा राग गावानं कोणावर काढायचा? घरचा होता ना तो!

*

आमचं मैदान मुरमाचं. दर झेपेला दगडूचे गुडघे सोलवटायचे. क्लबकडे जावयांना फेटे बांधायला कापड होतं, पण गोलीच्या गुडघ्यांना नव्हतं.

एक दिवस तो गुडघ्यांवर जाड गाद्या बांधून आला. गोधडीसारख्या बारीक टाक्यांनी शिवलेल्या, तपकिरी चौकड्याच्या कापडाच्या.

"कुठं मिळाल्या रे?"

"सापडल्या," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

त्याच आठवड्यात नानांचा जुना कोट खुंटीवरून नाहीसा झाला. तपकिरी, चौकड्याचा. नानांना खात्री होती की तो मी विकून खाल्ला. शाळा सोडलेल्या पोराबद्दल बापाला अशा खात्र्या फार लवकर पटतात. माझ्या कानाखाली जाळ काढला.

अक्का, माझी थोरली बहीण, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या बोटाला सुई टोचल्याच्या खुणा होत्या. मी तिच्याकडे पाहिलं आणि नानांना म्हणालो, "हो. विकला."

नानांविरुद्ध तोंड न उघडता मार खाल्ला, असं तेवढं एकदाच.

*

यंदा नानांनी खरा मोठा गडी हेरला. देवपूरच्या टीमचा सेंटर फॉरवर्ड हिंमत. आणि त्याच्यासाठी मुलगी ठरवली ती आमची अक्का!

मुलगी पाहायचा कार्यक्रम झाला. पोहे झाले, चहा झाला. आबा म्हणाले, "मुलीला काही विचारायचं असलं तर विचारू द्या. आता नवा जमाना आहे." नवा जमाना त्यांनी फक्त म्हणून दाखवला होता. पण अक्कानं खरंच विचारलं. लहानपणापासून नानांच्या तोंडून तिनं दुसरं ऐकलंय काय?

"तुम्ही पास देता का?"

हिंमत ऐटीत हसला. "मी पास देस नही. माले बठ्ठा पास देतस!"

बठ्ठा, म्हणजे सगळे! आबांनी मांडीवर थाप मारली. नाना खूश. अक्का ताट उचलून आत गेली. मी मागोमाग गेलो, तर ती चुलीपुढे बसून म्हणाली, "जो पास देत नाही, तो आजारपणात पाणी तरी देईल का रे?"

मी बाहेर येऊन, पाहुणे गेल्याबरोबर, नानांना सांगितलं, "अक्का दगडूला द्या. भावकी नाही, काही नाही. गावातल्या गावात सोयरिकी होतातच की आपल्याकडे."

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी बॅकला सेंटरमध्ये खेळवा म्हणतोय. "तुले काय कळतं? दगड्या तर खेळतोच आहे! त्याले मुलगी देऊन क्लबले मिळालं काय?"

माणूस माझा बाप आहे. नाहीतर त्या वाक्यावर मी पंप फेकून मारला असता.

*

आणि फायनलला आमच्यासमोर आली नेमकी देवपूरचीच टीम! नानांनी सगळं जुळवून आणलं होतं. दुपारी मॅच, संध्याकाळी हिंमतच्या घरी सुपारी फोडायची. पुढच्या वर्षी हिंमत आमच्याकडून. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीत धुळ्यापर्यंत नाना मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. पिशवीत नारळ, सुपारी, साखर. दगडू समोरच्या बाकावर होता. त्यानं ती पिशवी एकदाच पाहिली आणि मग वाटभर खिडकीबाहेर बघत राहिला.

आमचा एक गोल झाला. साडूंपैकी कोणी केला नाही. देवपूरच्या बॅकनं स्वतःवरच केला. मग तासभर हिंमत आमच्या गोलवर मारत होता आणि दगडू अडवत होता. आणि शेवटी, रेफरी घड्याळ बघत असताना, पुंडलिकनं गोलसमोर बॉल चक्क हातानं उचलला. का? तर म्हणे, "फार उडत होता!"

पेनल्टी.

हिंमतनं बॉल ठेवला. आबा हळूच म्हणाले, "नाना, आता कोणाच्या बाजूनं ओरडायचं? तो जावई होणार, हा आपला गोली."

नानांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

हिंमतनं मारला तो पोटावर. दगडू बॉलसकट मागे फेकला गेला, पण रेषेच्या अलीकडेच पडला आणि बॉल छातीशी धरून तसाच पडून राहिला. शिट्टी झाली. शिल्ड आमची! लोक नाचत आत शिरले. चारही जावई खांद्यांवर चढले. दगडू उठेना.

सगळ्यांत आधी त्याच्यापाशी पोचले ते नाना. एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्यात ती पिशवी. मी पाठोपाठ. नाना खाली वाकले. त्याचा पाय चाचपायला त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि हात तिथंच राहिला. अंगठ्यानं त्यांनी ते तपकिरी चौकड्याचं कापड चोळून पाहिलं. मग त्यावरचे बारीक टाके पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या कानाकडे.

मागून आबा हाका मारत होते, "नाना, चला! हिंमतकडची माणसं थांबलीत!"

नानांनी टोपी काढून काखेत घातली. पिशवी मातीत ठेवली. आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाले,

"उठा, जावईबापू. फार लागलं तर नाही ना?"

दगडूनं मागे वळून पाहिलं. मागे नुसता गोलपोस्ट होता.