टेप फक्त टाकीला

बोनकोडे गावात भाड्याची खोली बघायला गेलो होतो. घरमालकांनी आधी त्यांचे ॲक्सोलॉटल दाखवले. पाण्यात राहणारे, गुलाबी, चार पायांचे, कायम हसऱ्या तोंडाचे प्राणी. लहानमोठ्यांच्या टाक्या वेगळ्या, वर एसी. मालकांनी खिशातून मेजरटेप काढली आणि काचेला लावून एकेकाचं माप घेतलं.

"सारख्या साइजचेच एकत्र ठेवायचे. नायतर मोठा बारक्याचा पाय खातो. पाय परत उगवतो, पन मुक्या जिवाला तरास का द्यायचा?" बोलताना त्यांचा आवाज कातर झाला.

मग खोली दाखवली. मार्केटात पहाटे पोती उतरवून आलेले पाच जण तिथे आडवेतिडवे झोपले होते. एकाचे पाय दाराबाहेर होते. पंखा एकच. मी सहावा.

"जरा मापून बघता का?" मी टेपकडे बोट दाखवलं.

"मापायचं काय त्यात? मानसं काय एकमेकांचे पाय खातात?"

मी वैतागून म्हटलं, "मग मालक, टाकी रिकामी झाली की कळवा."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती.

"नाय वो, तुमची साइज मोठी हाय. बारक्यांना तरास होईल."