कोल्ह्याला कुंकू लावलं त्याची गोष्ट

माझ्या हातून चुका काही कमी झाल्या नाहीत, पण या नवरात्रात जी केली ती ऐका. आणि कप खाली ठेवून ऐका, नाहीतर सांडेल.

आम्ही म्हैसूरचे जुने मराठी. पणजोबा राजांच्या फौजेत होते म्हणतात. मी आपली शाळेत गणित शिकवून रिटायर झाले आणि कुवेंपुनगरात राहते. नवरात्रात आमच्याकडेही गोंबे बसतात, म्हणजे पायऱ्यांवर बाहुल्या मांडायच्या, नऊ दिवस त्यांना हळदकुंकू लावायचं, आणि संध्याकाळी शेजारणी बघायला येणार.

माझी मुलगी निवी सव्वीस वर्षांची. घरूनच कंप्युटरवर चित्रं काढायची नोकरी करते. इतकी कमी बोलते की पाहुण्यांना वाटतं, रागावलीय. चार महिने ती खोली बंद करून काहीतरी चिकटवत होती. घरभर गोंदाचा वास, दारात स्पंजचे तुकडे. विचारलं तर, "सुम्ने, असंच काहीतरी."

पहिल्या माळेला ती कामासाठी बेंगळूरला गेली. मी झाडायला खोलीत शिरले, तर टेबलावर कोल्ह्याचं हे एवढं मोठं डोकं! नारिंगी केस, पांढरंशुभ्र कपाळ, डोळे तर असे की आता बोलेल. मला भरूनच आलं हो. पोरगी गुपचूप गोंब्यांसाठी राबत होती आणि मी तिला एकलकोंडी म्हणत होते.

खालच्या पायरीशी आम्ही मातीचं जंगल मांडतो, तिथे नेऊन ठेवलं. अंगठ्याएवढे हत्ती आणि त्यांच्यात हा राक्षस. कपाळावर कोरडं कुंकू टिकेना, म्हणून तेलात कालवून चांगलं रुपयाएवढं लावलं.

संध्याकाळी सात-आठ बायका आल्या. सगळ्यांनी कौतुक केलं. मी फुगले. मग शेजारच्या मालतम्मा चष्मा सावरत वाकल्या.

"अय्यो, हे गोंबे नाही री. माझ्या नातवाने मोबाइलवर दाखवलंय. फरी म्हणतात त्यांना. असली डोकी घालून फिरतात. स्वतःला जनावर समजतात, जमिनीवर ताटली ठेवून खातात म्हणे."

तीस वर्षं मुलांना 'सिद्ध करून दाखव' म्हणणारी मी, पण त्यातलं 'म्हणे' मला ऐकूच आलं नाही. तेवढ्यात निवी दारात उभी. थोडं थांबावं, बायका गेल्यावर विचारावं? छे, मला कुठला धीर!

"निवी, तू स्वतःला कोल्हा समजतेस का ग?"

निवीने डोकं उचललं, कुंकवाकडे पाहिलं आणि ती आत गेली.

नंतर मी दार ठोठावलं तर ती कोल्ह्याचं कपाळ घासत बसली होती. तेलातलं कुंकू ते, घासेल तेवढं पसरत होतं.

"रविवारी बेंगळूरला एका बागेत आम्ही पंधरा जण भेटणार होतो," ती म्हणाली. "दोन वर्षं नुसतं फोनवर बोलतोय. आता मी जात नाही."

"पण हे घालून करता काय?"

"हात हलवतो, फोटो काढतो, लहान मुलं मिठी मारतात. आई, मी कोल्हा नाही हे मला माहितेय. पण हे घातलं की लोकांची भीती वाटत नाही. एवढंच."

फार लाज वाटली मला. गोंब्यांतल्या लाकडाच्या राजाराणीला नऊ दिवस नैवेद्य दाखवून दसऱ्याला पांघरूण घालून निजवणारी मी, आणि वेडी ठरवली कोणाला? गल्लीत वाघाचं सोंग नाचत आलं की आम्ही पुढे होऊन बघतो. 'तू वाघ आहेस का' असं त्याला कधी कोणी विचारलंय?

दुसऱ्या दिवशी सकाळीच मंडी मोहल्ल्यात जाऊन पांढरा केसाळ कपडा शोधला. दुपारी निवी कपाळाला ठिगळ चिकटवायला बसली. माप नीट बसावं म्हणून डोकं मी घातलं. साडीला गोंद नको म्हणून अंगात तिचाच जुना कुर्ता.

तेवढ्यात बेल वाजली. तिचे दोन्ही हात गोंदात. "आई, तूच बघ. पण काढू नकोस, ठिगळ सरकेल."

दार उघडलं तर मालतम्मा! दचकल्या, मग जवळ येऊन माझा हात हातात घेतला.

"निवी, पुट्टी, बाळा माझ्या, काल माझंच चुकलं. ऐकीव गोष्ट मी सगळ्यांसमोर बोलले. पण तुझ्या आईने तरी असं चारचौघींत विचारावं? मन वाईट आहे असं नाही, पण तोंडाला लगामच नाही बघ. शाळेतली पोरंसुद्धा घाबरायची. इतकं सुंदर केलंयस, तू जरूर घाल हे."

आता आतून मी काय बोलणार? नुसती मान हलवली. त्यांनी कोल्ह्याच्या गालावरून हात फिरवला आणि गेल्या. दार लावून वळले तर निवी भिंतीला टेकून हसत होती. तिला इतकं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"जाशील ना ग रविवारी?" मी आतूनच विचारलं.

"जाईन. तूही चल."

"मी? मी तिथे काय करू?"

"थोडा वेळ हे डोकं तूच घाल," निवी म्हणाली. "यात तू गप्प बसतेस."