डोळे राहिलेला कृष्ण

एका मंगळवारी दुपारी अक्का वारली. ती माझी बहीण होती. चेन्नईत आम्ही दोघं एका घरात राहायचो.

त्यानंतरचे दिवस पाण्याखालून पाहिल्यासारखे आठवतात. समुद्राचा वारा सुटला की पडदा फुगून आत यायचा आणि वाटायचं, ती स्वयंपाकघरात चिंचोके शिजवते आहे. त्या लगद्यात खडूची पूड घालून ती चित्रांतले मुकुट, माळा, खांब उठावाचे करायची. आमच्या तंजावरकडच्या चित्रांची ही जुनी रीत. फक्त तिथे लाकडी फळी आणि सोन्याचा वर्ख लागतो. अक्काकडे टी. नगरच्या दुकानांतले साडीचे खोके असायचे, आणि मिठाईच्या पेटीतला सोनेरी कागद.

"अम्मा, नुसताच खोका? साडी नको?" दुकानदार विचारायचा.

"साडी फाटते. खोक्यावर कृष्ण बसतो."

चित्र तिने कधी विकलं नाही. मागेल त्याला द्यायची. डोळे मात्र सगळ्यांत शेवटी, सकाळी अंघोळ करून. डोळे उघडले की देव आपल्याकडे राहत नाही, असं म्हणायची आणि त्याच दिवशी चित्र पोचतं करायची.

शेवटचा बाळकृष्ण तिने खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या सुनेला कबूल केला होता. त्याचे डोळे राहिले. पापण्यांची रेघ होती, बुबुळांच्या जागी अंगाचाच निळा रंग. तो समोर ठेवून मी वाचत बसायचो आणि पान उलटायचं विसरायचो. ऊन त्याच्या गालावरून सरकत भिंतीवर जायचं. डोळे नाहीत, म्हणजे अजून जायचं नाही, अशी मी माझी समजूत घातली होती.

एका दुपारी ती सून बाळाला कडेवर घेऊन वर आली.

"अण्णा, माझा कृष्ण?"

"त्याचे डोळे राहिलेत."

तिने वाकून पाहिलं. "अय्यो, झोपलाय की हा! झोपू द्या. आमच्या घरात कोणीतरी झोपायला हवंच. हे आमचं रत्न रात्रभर आलाप घेतं."

रत्नाने मुकुटाच्या सोनेरी कागदाकडे झेप घेतली. त्याला आवरायला तिला दोन्ही हात लागले, म्हणून चित्र मीच उचललं आणि तिच्या मागोमाग जिना उतरलो.

आता आमच्या घरात अक्काचं एकही चित्र नाही. तिचे कुंचले आहेत आणि मी आहे.