बंद नाकाला आलेला वास

आधीच सांगून ठेवते, मी यातली नाही. दारात कुणीतरी उतारा म्हणून ठेवलेलं लिंबू घरात आणून त्याचं सरबत करून प्यायलेली बाई आहे मी. या ग्रुपवरचे गूढ अनुभव वाचते, पण करमणूक म्हणून. त्यामुळे खाली "ताई, तुमच्या पाठीशी कुणीतरी आहे" असं लिहिणार असाल तर कृपया नका लिहू. आणि "काहीही फेकताय" असं लिहायचं असेल तर खुशाल लिहा... त्याची आता सवय झालीये.

मी सुलभा. वय साठ, राहणार न्यू पनवेल. एकतीस वर्षं एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये लॅब असिस्टंट होते. बाटलीवरचं लेबल निघालं असलं तरी आत काय आहे ते बूच काढलं की सांगायचे. असं नाक — ते कोविडमध्ये गेलं. ताप चार दिवसांत उतरला, वास परत आलाच नाही. फोडणी, अगरबत्ती, फिनेल, सगळं सारखंच. म्हणजे काहीच नाही. ईएनटी डॉक्टरांनी औषधं दिली, वास घ्यायचे व्यायाम दिले, आणि वर्षभराने "आता याची सवय करून घ्या" असं सांगितलं.

सवय कसली होतेय! एकदा सकाळी दूध उतू जाऊन गॅस विझला. बटण चालूच, आणि मी बाहेरच्या खोलीत निवांत पेपर वाचत बसलेली. वरच्या मजल्यावरच्या बाईंना वास आला, त्यांनी फोन केला म्हणून अग्निशमनवाले आले. त्यांतल्या भोईरांनी आत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि बाहेर येऊन मला विचारलं, "काकी, तुमाला वास कसा नाय आला?"

"मला कुठलाच वास येत नाही हो."

त्यांनी आमच्या ह्यांना बाजूला घेऊन गॅस गळला की वाजणारं यंत्र बसवून घ्यायला सांगितलं. आठवड्याने मी त्यांचे आभार मानायला अग्निशमन केंद्रावर गेले. सगळे मिळून होज पाइप धूत होते, त्यांचा मोबाइलवर एक फोटो काढला. तो बऱ्यापैकी आला. दुसऱ्या दिवशी वडाळे तलावाचा काढला, तिसऱ्या दिवशी करंजाड्याच्या मैदानावर क्रिकेट खेळणाऱ्या मुलींचा. असं करत सोशल मीडियावर "रोज एक पनवेल" सुरू झालं. पुढे मुलाने जुना कॅमेरा दिला. गावातल्या ओळखीच्या जागा, इथले खेळ आणि आमचे अग्निशमनवाले — एवढेच तीन विषय. रोज एक फोटो, चुकवायचा नाही. ताप असताना गॅलरीतून काढलाय, पण काढलाय.

आता मूळ गोष्ट. जानेवारीतला रविवार, सकाळचे सव्वादहा. सुकापूरला एका हॉलमध्ये मुलींच्या कबड्डीची फायनल होती. वर पत्रे, आत फॉल्स सीलिंग, मध्ये मॅट आणि एका बाजूला मुलींची कपडे बदलायची खोली. जेमतेम शंभर माणसं असतील. पहिला हाफ संपायला पाच-सहा मिनिटं होती. तन्वी नावाची एक कॅप्टन होती, काटकुळी पण चढाईला गेली की समोरच्या सातजणी मागे सरकायच्या. तिचा फोटो घ्यायला मी कोपऱ्यात, त्या खोलीच्या दाराशी गुडघ्यावर बसले होते.

आणि मला वास आला.

आधी कळेचना काय होतंय. नाकात काहीतरी *आहे*, एवढंच. इतक्या वर्षांनी! मी कॅमेरा खाली घेतला, श्वास सोडला, परत घेतला. होता. जळका वास. तोही कसला, तर वाळलेला पेंढा जळाल्यावर येतो तसा, घशाशी खवखवणारा. माझं बालपण भातशेतीत गेलंय, तो वास ओळखायला मला कुणी लागत नाही. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. धुराने नाही. आनंदाने! पहिला विचार मनात आला तो हाच, की नाक उघडलं. आता घरी जाऊन चहाचा वास घ्यायचा.

मग वाटलं, पण जळतंय काय?

शेजारी एका खेळाडूची आई होती. तिला विचारलं. ती म्हणाली, "नाही हो, कसलाच नाही." गुणलेखकाला विचारलं, दाराशी उभ्या माणसाला विचारलं. नाही. कुणालाच नाही. स्पर्धेचे आयोजक शिंदे सर टेबलाशी होते, त्यांच्याकडे गेले.

"सर, काहीतरी जळतंय. मुलींना बाहेर काढा."

त्यांनी दोनदा नाक वर करून हुंगलं. "मॅडम, मला तर काही येत नाहीये. बाहेर कुणी कचरा पेटवला असेल."

"आतून येतोय. कोविडपासून मला कसलाच वास येत नाही सर, आणि हा येतोय!"

बोलून गेले आणि मलाच कळलं की आपण काय बोललो. शिंदे सर हसले. शेजारचे दोघं हसले. "बसा मॅडम, पाणी घ्या," म्हणाले.

मी बाहेर येऊन भोईरांना फोन लावला. त्या दिवशी ते ड्यूटीवर होते. सगळं सांगितलं.

"काकी... तुमाला वास येत नाय ना?"

"नाही येत. आत्ता येतोय."

"दुसऱ्या कुनाला येतोय?"

"कुणालाच नाही."

मी त्यांच्या जागी असते तर फोन ठेवला असता, खरं सांगते. ते म्हणाले, "पोरींना भायेर काडा. आमी निघालो."

परत आत गेले. खेळ चालूच होता. शिंदे सरांना सांगितलं, बंब येतोय. आता त्यांचा चेहरा बदलला. "कुणाला विचारून बोलावला? फायनल आहे, पाहुणे बसलेत! तुम्ही आधी बाहेर व्हा बघू." त्यांनी माझ्या दंडाला हात लावला नाही, पण तेवढंच बाकी राहिलं.

मग मी चपला काढल्या आणि मॅटवर गेले. चढाई चालू असताना, थेट मध्यरेषेवर जाऊन उभी राहिले. गळ्यात कॅमेरा, आणि शंभर माणसं ओरडतायत. "बाजूला व्हा!" "कोण आहे ही बाई?" पंचांची शिट्टीवर शिट्टी. मी मोठ्याने सांगितलं, "मुली बाहेर गेल्याशिवाय मी हलणार नाही. उचलून न्यायचं तर न्या."

आतून मात्र मी टरकले होते. वास तसाच होता, पण तो खोटा निघाला तर? मग बाई गेली कामातून, असंच म्हणणार लोक. आणि माझ्याकडे दुसरा काय पुरावा होता? एक नाक, आणि तेही बंद पडलेलं.

तन्वी माझ्यासमोर धापा टाकत उभी होती. तिने विचारलं, "काकू, खरंच जळतंय का?"

"मला वास येतोय बाळा. दिसत काही नाही."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या टीमला हात केला. "चला गं बाहेर. नाहीतरी खेळ थांबलाच आहे." त्या निघाल्या तशा दुसऱ्या टीमच्याही निघाल्या, त्यांच्या मागे आया. पाच मिनिटांत हॉल रिकामा. शिंदे सर फोनवर कुणाला तरी माझ्याबद्दल सांगत होते. काय ते लिहीत नाही.

बंब आला. भोईर आणि त्यांची माणसं आत गेली, फिरली. धूर नाही, वास नाही, दिवे चालू. एक तरुण फायरमन माझ्याकडे बघून हळूच हसला. भोईर मात्र भिंतीला उलटा हात लावत लावत सावकाश चालले होते. कपडे बदलायच्या खोलीत गेले, बाकावर चढले, छताला हात लावला... आणि झटकन मागे घेतला. "मेन बंद करा! सगळे भायेर!"

त्यांनी छताचा एक पॅनल उचकटला. वर सगळं काळंठिक्कर. वायरी आतल्या आत धुमसत होत्या. हवा लागली तशी भडकन ज्वाळ निघाली आणि खोलीचं अर्धं छत धाडकन त्या बाकांवर आलं. भोईरांनी आधीच उडी मारली होती, मनगटाला थोडं भाजलं, तेवढंच. दहा मिनिटांत आग विझवली त्यांनी.

हाफ टाइमला चौदा मुली त्याच बाकांवर बसणार होत्या.

त्या दिवसाचा फोटो म्हणून मी ते जळकं छत टाकलं. शिंदे सरांचा फोन आला, काढून टाका म्हणून. विनवून झालं, दरडावून झालं. मी काढला नाही. अजून आहे तो. मग कुणीतरी लिहिलं, फेमस व्हायला बाईने हे सगळं रचलं. म्हणजे फॉल्स सीलिंगच्या वर चढून वायरी मी जाळल्या — या गुडघ्यांनी!

दुसऱ्या बाजूचेही कमी नाहीत. त्या दिवशी बंब आवरत असताना तन्वीची आजी माझ्याजवळ आली होती. मूळची सुकापूरचीच. माझा हात धरून म्हणाली, "आमचा खला व्हता गो इथं. माज्या सासऱ्यानं रचलेली पेंड्याची उडवी जलाली व्हती, ह्याच जागंवर." माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल. पण पनवेलच्या आजूबाजूला प्रत्येक बिल्डिंगच्या खाली कुणाचं ना कुणाचं खळं आहे. मी त्या दोन गोष्टी जोडत नाही. तुम्हीही माझ्या नावावर जोडू नका. नंतर चार जण नारळ घेऊन घरी आले, मी नाकाने आग ओळखणारी देवी वगैरे झाले होते. त्यांना चहा दिला आणि नारळ परत दिले.

भोईरांना मात्र मी विचारलं, की वर छतात पेंढा, गवत, गोणपाट असं काही होतं का. ते म्हणाले, "नाय काकी. नुसतं प्लॅस्टिक. त्या वासानं दिवसभर डोकं दुकलं माजं."

जळकं प्लॅस्टिक लॅबमध्ये मी शंभरदा हुंगलंय. मला आलेला वास तो नव्हता.

त्या दिवशी हॉलमधून बाहेर पडले तसा वास गेला. घरी येऊन चहा केला, कपात नाक घातलं. काही नाही. ह्यांनी कापूर जाळला, कांदा चिरून नाकाशी धरला. काहीच नाही.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेले. त्यांनी डोळे मिटायला लावून एकामागून एक बाटल्या नाकाशी धरल्या. बारा बाटल्या. मी बारा वेळा "नाही" म्हटलं. मग त्यांनी खुर्ची मागे घेतली आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा सुलभाताई, असे भास होतात. नसलेले वास येतात लोकांना. नेमकी त्याच वेळी तिथे आग लागलेली होती, हा योगायोग. कारण या नाकाला वास येणं शक्यच नाही."

भास असेल. योगायोगही असेल. मला माहीत नाही, आणि माहीत असल्याचा आव मी आणणार नाही. पण "शक्यच नाही" म्हटल्यावर माझं डोकं फिरलं.

"डॉक्टर, माझं नाक बंद आहे, हे बरोबर. आणि मला वास आला, मुली बाहेर आल्या, हेही बरोबर. दोन्ही लिहा."

त्यांनी कागदावर पहिलं लिहिलं, सही केली आणि कागद माझ्या हातात दिला.

दुसरं मी इथे लिहिलंय.